चांदीच्या मिशा

“देवळात बसलेय का घसरगुंडीवर, तेच कळंना. बूड टेकलं की पुढं सरकतंय मेलं.”

अंबूबाई हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हत्या. त्या भंडाऱ्याचे गहू निवडत होत्या आणि निवडता निवडता सभामंडपातल्या नव्या ग्रॅनाइटशी भांडत होत्या. शेजारी विमलबाई परातीत शेंदूर कालवत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. नणंदेची कुरकुर कानाआड करणं त्या या घरात आल्यावर सगळ्यात आधी शिकल्या होत्या, चुलीचं तंत्र त्यानंतर.

दोघींच्या मधे एक फडकं पसरलेलं होतं. दर वर्षी असायचं. विधवेचा हात चुकून शेंदराच्या परातीला लागू नये म्हणून ते पसरतात, असं कुणी कधी बोललेलं नव्हतं. फडकं आपलं असायचं. अंबूबाई स्वतःच ते झटकून, चारही कोपरे ओढून नीट अंथरायच्या.

“वन्सं, पाट देऊ का आणून?”

“नगं. पाटबी घसरंल.”

उद्या केळवंडीच्या भैरवनाथाची यात्रा. आदल्या दिवशी नाथसाहेबांना नवा शेंदूर चढवायचा, आणि तो मान मारुतरावांच्या घराचा. घरच्या कर्त्या पुरुषानं तो आपल्या हातानं चढवायचा. त्या वेळी गुरवानंसुद्धा बाहेर बसायचं. बायकांनी शेंदूर तिळाच्या तेलात कालवून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचवायचा आणि उंबऱ्यापाशी थांबायचं. आत बाई चालत नाही. का चालत नाही, तर नाथसाहेब कडक आहेत.

मारुतरावांचं आता या मानावाचून गावात दुसरं काही उरलेलं नव्हतं. त्यांच्या कांद्याच्या रानात गोडाऊन उभं होतं, ज्वारीच्या रानातून रस्ता गेला होता आणि घर म्हणजे चार मजल्यांची इमारत झाली होती. तिच्या खोल्यांमधून चाकणच्या कंपन्यांतली पोरं शिफ्टप्रमाणे झोपायची. वरून पैसा येत होता, त्याची ददात नव्हती. पण भाडेकरू त्यांना ‘अंकल’ म्हणायचे. वर्षातला हा एकच दिवस असा होता, की गाव त्यांना ‘मालक’ म्हणायचं आणि त्यांच्या शब्दाशिवाय ढोलावर टिपरू पडायचं नाही.

विमलबाईंनी परात उचलली आणि तेवढ्यात गाभाऱ्यात धप्पकन आवाज झाला. मोठं कलिंगड हातातून सुटावं तसा.

“पडलं का काय म्हातारं!” अंबूबाई म्हणाल्या.

म्हातारं पडलेलं नव्हतं. मारुतराव, त्यांचा मुलगा निरंजन आणि पुतण्या कुलदीप, तिघे धडधाकट उभे होते. खाली पडला होता तो शेंदूर. पिढ्यान्‌पिढ्या चढलेला, वीतभर जाड, दगडासारखा टणक झालेला. महिनाभर देवळात फरशी बसवायला ब्रेकर चालला होता, त्यानं तो आतून सुटला असणार. लेपाआधी मारुतरावांनी नाथांच्या कपाळावर नुसता हात टेकवला आणि सगळं कवच अंगावर आलं. आता ते जमिनीवर उताणं होतं. चांदीचे डोळे त्याच्यावर तसेच होते. गेल्या वर्षी कुलदीपनं वाहिलेल्या चांदीच्या मिशाही तशाच होत्या. मिशांसकट ते छताकडे बघत होतं.

“नाथांनी खोळ टाकली!” विमलबाईंचा आनंद तोंडातून सुटला. खोळ टाकणं म्हणजे मोठा शकुन. त्यांनी तो फक्त ऐकला होता. गाव नाचायला लागतं, खोळ वाजतगाजत इंद्रायणीत सोडतात. त्यांनी परात उंबऱ्यावर ठेवली, हात जोडले आणि वर पाहिलं.

मग हात जोडलेलेच राहिले.

कवचामागून कमरेएवढा काळा दगड निघाला होता. दगडातून एक हात कोपरापासून वर उभा राहिलेला. पंजा उघडा. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले. मनगटापासून खाली कोपरापर्यंत हातभर बांगड्या, एकीला एक लागून, अगदी कालच कासाराकडून भरून आल्यासारख्या.

“दार लाव,” कुलदीप म्हणाला. “मंडपाचं. मोठं.”

निरंजन मुकाट्यानं गेला आणि दार लावून आला. हे दोघे चुलतभाऊ वाटणीपासून एकमेकांशी सरळ बोलत नव्हते. कुणाच्या मयतीला भेटले तरी मधे तिसरा माणूस ठेवून बोलायचे. आज कुलदीपनं सांगितलं आणि निरंजननं ऐकलं. विमलबाईंना आत काय निघालंय याच्याइतकंच हेही नवल वाटलं.

निरंजननं मोबाईलचा टॉर्च लावला.

“मूळ रूप जरा वेगळं दिसतंय,” तो म्हणाला. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर होता, वाईट बातमी सभ्य शब्दांत सांगायची त्याला सवय होती.

“येगळं काय त्यात?” कुलदीप म्हणाला. “जुनं काम हाय. जुनं असंच आस्तंय.”

“हात आहे.”

“हातच हाय की! आपण काय म्हणतो? नाथांचा उगारलेला हात. खड्गाचा.”

“खड्ग कुठाय?”

“झिजलं आसंल.”

“आणि हे?” टॉर्च मनगटावर आला.

“कडं हाय ते. पैलवान घालत्यात न्हाई का?”

“एवढी?”

“नाथ हायेत राव ते. एका कड्यानं भागंल व्हय?”

विमलबाईंना हसू आलं आणि भीतीही वाटली. कुलदीप विनोद करत नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मारुतराव दगडाकडे पाहत नव्हतेच. ते स्वतःच्या तळहाताकडे पाहत होते.

*

कुलदीप वाईट माणूस नव्हता. त्याच्या गाड्या कंपन्यांची माणसं ने-आण करत आणि त्याला वाटे, गावही असंच वेळेवर पोचवायचं असतं. हे नवं देऊळ त्याच्या डोक्यातून निघालं होतं. जुनं दगडी, ठेंगणं, वाकून आत जावं लागे. जाता-येता हायवेवरून दिसायचंही नाही. आता कळस मोशीच्या पुलावरून दिसायचा. भोसरीपासून चाकणपर्यंत फ्लेक्स लागले होते आणि प्रत्येकावर भैरवनाथाच्या फोटोखाली मारुतराव फेटा बांधून हात जोडून उभे. ‘परंपरागत मानकरी’ असं त्यानंच छापायला सांगितलं होतं. काकाचं नाव मोठ्या अक्षरात टाकल्यानं आपलंही मोठं होतं, एवढं शहाणपण त्याच्यापाशी होतं. मारुतरावांचा हात आता थरथरायला लागला होता. त्यांच्यानंतर मान कुणाकडे येणार, यावर घरात कुणी बोलत नव्हतं आणि सगळेच विचार करत होते.

“हे बघा,” तो म्हणाला, “घाबरायचं काम न्हाई. आपण घरचीच माणसं हावोत. तात्या, तुमी लेप द्या. नेहमीसारखा. फक्त जरा जाड द्या. डोळे-मिशा मी काढून देतो, त्या वरनं दाबायच्या. उद्या यात्रा होऊन जाऊ दे. मग सावकाश चांदीचं कवच करू, त्याच्यात सगळं झाकून जातंय.”

“प्रॅक्टिकल आहे,” निरंजन म्हणाला.

“बघा, निरंजनशेठबी म्हणत्यात.”

“मी फक्त म्हणतोय की उद्या पाच-सहा हजार माणूस येणार. आत्ता हा विषय निघाला तर...” निरंजननं ‘हा विषय’ म्हणताना दगडाकडे बोट केलं नाही.

“विषय न्हाईच तर निघंल कसा?” कुलदीप म्हणाला. “तात्या, वेळ कमी हाय. गाव जमायला लागलंय. तुमची हाळी झाली की पालखी.”

हाळी म्हणजे एवढंच: लेप झाला की मानकऱ्यानं मंडपाचं दार उघडून ‘नाथसाहेब सजलं!’ म्हणून ओरडायचं. मग गाव ‘चांगभलं!’ म्हणणार आणि ढोल वाजायला लागणार. ती हाळी मारुतरावांच्या बापानं दिली, आज्यानं दिली. हाळी गेली की मान गेला, हे कुलदीपनं सांगायची गरज नव्हती. तरी त्यानं सांगितलं.

“इथं नाथ न्हाईत असं म्हणायचं झालं, तर मग आपण कोण? गोडाऊनवाले. तेवढंच.”

*

स्वरूपा, निरंजनची बायको, इतका वेळ खांबापाशी उभी होती. ती पिंपळे गुरवची. वडील लातूरकडून कंपनीत लागायला आले ते तिथेच राहिले. ती दिघीच्या शाळेत इतिहास शिकवायची. या घरात तिच्या शिकवण्याला मान होता. तिच्या बोलण्याला किती, हे ती अजून अजमावत होती.

असा हात तिनं लहानपणी पाहिला होता. आजोळी, वेशीबाहेर, बाभळीखाली. सतीचा दगड म्हणायचे त्याला. पोरं त्याच्या पंजावर दगड ठेवायचा खेळ खेळायची आणि आजी शिव्या देत धावून यायची.

“आई, हा तर...” ती पुढे झाली.

विमलबाईंनी तिचं मनगट धरलं. घट्ट. हाताला लागलेला शेंदूर तिच्या मनगटावर उमटला. सासू-सुनेचा एकमेकींना हात लागायचा तो सणावारी, नमस्कारापुरता. या हातात ‘गप्प बस’ होतं, पण तेवढंच नव्हतं. काहीतरी ‘सोडू नकोस’ असंही होतं. स्वरूपा थांबली.

तिला घरातला कोनाडा आठवत होता. चौथ्या मजल्यावर, वॉशिंग मशीनच्या वर, इमारत बांधताना मुद्दाम ठेवलेला. लग्नानंतर तिला तिथं पहिला दिवा लावायला सांगितलं होतं. थोरल्या आईचा कोनाडा. ‘आपल्या घरात थोरली आई झाली, ती नवऱ्यामागं गेली.’ प्रत्येक सुनेला ही एक ओळ सांगतात, तिलाही सांगितली. गेली म्हणजे कुठं, कशी, असं तिनं विमलबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “गेली म्हंजी गेली. पोळ्या लाटून घे, माणसं खोळंबली.”

आता गाभाऱ्यात सगळे त्या कोनाड्याचाच विचार करत होते. एकमेकांकडे न बघण्याच्या त्यांच्या धडपडीवरून ते कळत होतं.

“इथं पूर्वी स्मशान होतं का?” स्वरूपानं शेवटी विचारलं. साधा, अभ्यासाचा प्रश्न.

“वहिनी, तुमी जरा भंडाऱ्याचं बघा,” कुलदीप म्हणाला.

“भंडाऱ्याचं ती बघंल,” विमलबाई म्हणाल्या. “इचारलं त्याचं उत्तर द्या की. व्हतं. वड्याच्या कडंला, हितंच. माझी सासू सांगायची.”

कुलदीप काकूकडे बघत राहिला. आजवर काकूनं त्याला चहा घेतोस का याच्यापलीकडे कधी उलटून विचारलं नव्हतं. त्याहून वाईट गोष्ट त्याला मागाहून दिसली. परात उंबऱ्यावर होती आणि काकू परातीच्या अलीकडे. आत. कधी आल्या, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“काकू, उंबरा...”

“बघितला,” विमलबाई म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

तेव्हा अंबूबाई आल्या. गुडघ्यावर हात ठेवत, गुळगुळीत फरशीला शिव्या देत. उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या. आत डोकावून त्यांनी दगड पाहिला, मग खाली पडलेल्या मिशा पाहिल्या, मग पुन्हा दगड. सगळे वाट पाहत होते. अंबूबाई तोंडाच्या फटकळ. आता काही उरणार नाही असं निरंजनला वाटलं.

“चुडा भरल्याला हाय,” त्या म्हणाल्या. एवढंच. मग भावाकडे वळून, “मारत्या, तुला आठवतंय का रं? मी आले तवाचं?”

मारुतरावांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

“लग्नाला वरीसबी झालं न्हवतं. ते गेलं, आन् सासरच्यांनी बैलगाडीतनं आणून सोडली. आई दारात उभी. पाणी न्हाई दिलं, बस म्हणली न्हाई.” त्या स्वरूपाकडे वळल्या, जणू तिलाच हे माहीत नसणार म्हणून. “मला म्हणली, थोरली आई गेली, आन् तू आलीस.”

बाहेर कुणीतरी ढोलाची दोरी ताणत होतं.

“हा मारत्या तिथंच व्हता. पेरू खात. आईचं बोलून झाल्यावर त्यानं मला उरलेला आर्धा पेरू दिला.” अंबूबाई किंचित हसल्या. “त्या येळंला तेवढंच कुणी दिलं मला काई. जा, लावा बाबांनो काय लावायचं ते. माझं गहू राहिल्यात.”

आणि त्या परत जाऊन बसल्या. सुपाचा आवाज सुरू झाला.

*

मारुतराव तेरा-चौदा वर्षांचे असताना बापानं त्यांना पहिल्यांदा आत घेतलं. अंधार, पणती, तेलाचा वास. बापानं त्यांचा हात आपल्या हातात धरून नाथांवर फिरवला होता, पोराला पाटीवर गिरवायला शिकवतात तसा. कपाळ, खांदा, मग तो उगारलेला हात.

“हितं जाड दे,” बाप म्हणाला होता. “बाकीचं कसंबी चालंल. हितं जाड दे.”

हितं म्हणजे मनगटाच्या खाली. दर वर्षी मारुतरावांनी तिथं जाड दिला. का, असं विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही. बापाला बापानं सांगितलं असणार. देवाचं काम. विचारायचं काय त्यात?

आणि आता कुलदीप म्हणत होता, जरा जाड द्या. कुलदीपला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याचं त्याला सुचलं होतं.

मारुतराव त्यावर थांबले. खोळ काही पहिल्यांदा पडली नसणार. मागं कधीतरी असंच दुपारचं पडलं असेल. आज्याच्या हातात, नाहीतर त्याच्या बापाच्या. असंच दार लावलं असेल. असेच घरातले पुरुष एकमेकांकडे न बघता उभे राहिले असतील, आणि त्यातला एक म्हणाला असेल, जाड द्या. बाहेर असंच गाव जमलेलं असेल. त्यांच्या बापाला ठाऊक होतं. बायकोनं लेकीला दारात उभं करून ते वाक्य ऐकवलं तेव्हा बाप ओसरीवर बसला होता, चंची उघडून. त्यालाच एकट्याला ठाऊक होतं की थोरली आई कुठं गेलेली नाही; आपल्या पायानं गेली असती, तर तिला असं शेंदराखाली झाकावं लागलं नसतं. तरी तो बोलला नाही. सुपारी कातरत राहिला.

“तात्या,” कुलदीपनं परात पुढे केली.

त्यांनी शेंदराचा गोळा घेतला. ते दगडापाशी खाली बसले. टॉर्चच्या उजेडात पंजा उघडा होता, बोटं एकमेकांपासून सुटी. त्यांनी खरंतर मनगटावर लेप द्यायला हात पुढे केला होता. डावा हात आधाराला त्या पंजावर टेकला आणि तिथंच राहिला. दगडाचा पंजा त्यांच्या पंजात पुरता मावत होता आणि वर जागा उरत होती. एवढा लहान हात.

कारागिरानं असेल तसा कोरला असेल, किंवा दगड पुरला नसेल. मारुतरावांना एवढं कळत होतं. तरी त्यांना अंबूआक्का बैलगाडीतून उतरताना दिसली. गाडीचा दांडा धरलेला तिचा हात दिसला.

“आवं,” विमलबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याला काही सांगत नव्हत्या, नुसती हाक मारत होत्या.

मंडपाच्या दारावर थाप पडली. “मालक!” दत्तोबा गुरवाचा आवाज. “गाव जमलंय जी. पालखीला खांदंकरी हुबं हायेत. झालं का?”

“झालं झालं, दोन मिनिटं!” कुलदीप ओरडला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “तात्या, हात उचला. नाहीतर मी देतो.”

“तू कसं देशील? मान त्यांचा आहे,” निरंजन म्हणाला.

“मग त्यांनी द्यावा की!”

“ते देतील.”

“का तुला द्यायचाय? तसं बोल की मग!”

“कुलदीप, आत्ता हे नको.”

“मग कवा? म्हातारं गेल्यावर?”

दोघांची युती एवढाच वेळ टिकली. मारुतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि हातातला गोळा परातीत परत ठेवला. बोटं परातीच्या काठाला पुसली. गुडघ्यावर जोर देऊन उठायला गेले तर जमेना. स्वरूपानं उंबरा ओलांडून त्यांना हात दिला. कुणी तिला अडवलं नाही. आता मोजायला कुणाला सवड नव्हती.

“तात्या, लेप ऱ्हायलाय,” कुलदीप म्हणाला.

ते मंडपात आले. अंबूबाईंच्या शेजारून जाताना क्षणभर रेंगाळले. अंबूबाईंनी सूप थांबवलं नाही.

“तात्या, दार उघडू नका. आवो, उद्या काय तोंड दाखवायचं आपण? फ्लेक्सवर नाव हाय तुमचं!”

“हाय व्हय,” मारुतराव म्हणाले आणि त्यांनी अडसर काढला.

उन्हं कलली होती. दारासमोर दत्तोबा, त्याच्यामागं पालखी, ढोलवाले, फेटे बांधलेली गावची माणसं, त्यांच्यामागं कंपनीच्या गणवेशातली भाडेकरू पोरं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. कुणीकुणी मोबाईल वर धरले होते. हाळीचा व्हिडिओ दर वर्षी फिरायचा. दत्तोबानं ढोलवाल्यांना तयार राहायची खूण केली.

विमलबाई नवऱ्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. ते नेहमीचंच ओरडतील, असं त्यांना वाटलं. इतक्या वर्षांची जिभेची सवय. कदाचित तसं ओरडलेलंच बरं, असंही वाटलं. माणूस म्हातारा झालाय, उद्या त्याला गावात बसायला पार हवा.

मारुतरावांनी छाती भरून श्वास घेतला. “नाथसाहेब...” त्यांनी सुरुवात केली. गावानं ‘चांगभलं’साठी तोंडं उघडली. टिपरू वर गेलं.

ते खोकले. मग ओरडायचा आवाज टाकून देऊन, ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसे बोलले. त्यामुळे मागच्यांना पुढे सरकून ऐकावं लागलं.

“नाथसाहेब न्हाईत आत,” ते म्हणाले. “बाई हाय. आमच्या घरची. आमी म्हणत आलो, ती नवऱ्यामागं गेली. गेली न्हाई ती. आमी जाळली तिला.”